गणपतीपर्यंतची मुदत

गेल्या वर्षी आमच्या घरात दोन वचनं एकमेकांवर आदळली. पहिलं लेकीला दिलेलं. ती सहा वर्षांची असताना नवरा तिला म्हणाला होता, "दहा वर्षांची झालीस की कुत्रं आणू." मुलं अशा तारखा विसरत नाहीत. दुसरं वचन मी आईला दिलेलं. बाबा गेल्यावर ग्वाल्हेरच्या घराला कुलूप लावून ती आमच्याकडे इंदूरला यायला तयार झाली, तेव्हा मी तिला म्हटलं होतं, "आता तुला कुणाचं काही करावं लागणार नाही." आई मार्चमध्ये आली. लेकीला जूनमध्ये दहा वर्षं पूर्ण झाली.

महिनाअखेरीस जीरू घरात आली. शिह त्झू जातीचं नऊ आठवड्यांचं पिल्लू, वजन जेमतेम सव्वा किलो. पांढऱ्या अंगावर तपकिरी शिंतोडे, पोह्यांवर जीरावन भुरभुरावं तसे. इंदूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, जीरावन म्हणजे आमच्याकडे पोह्यांवर घालतात तो मसाला. त्यामुळे नावाची चर्चा पाच मिनिटांत संपली.

पहिल्या संध्याकाळी हॉलमध्ये तीन थारोळी झाली. तिसरं देवघरासमोर. आईने जपमाळ खाली ठेवली आणि शांतपणे म्हणाली, "गणपतीपर्यंत बघते. तोवर घर कोरडं राहायला लागलं तर ठीक. नाहीतर मी आपली ग्वाल्हेरला जाते. कुलूप काय, उघडता येतं."

नातेवाइकांना वाटलं, हा सोवळ्याचा प्रश्न आहे. मामीचा फोन आला, "वन्संना देवघराजवळ असलं चालायचं नाही, तुम्ही विचार करायला हवा होता." मला कारण वेगळं माहीत होतं. बाबांना पक्षाघात झाल्यावर आईने दोन वर्षं त्यांचं अंथरुणातलं सगळं केलं. लघवीची पिशवी, चादरी, रबरी शीट, सगळं. बाबांच्या तेराव्यानंतर ती मला म्हणाली होती, "मनापासून केलं गं. पण तो वास अजून माझ्या नाकातून जात नाही." सत्तर वर्षांच्या बाईने पुन्हा फडकं हातात घ्यावं आणि तेही कुत्र्यासाठी, हे मी तिला कोणत्या तोंडाने सांगणार होते?

दुसरीकडे नवऱ्याने महूच्या एका सहकाऱ्याला विचारून ठेवलं होतं. त्यांच्याकडे अंगण आहे, वेळ पडली तर पिल्लू तिथे जाईल. हे लेकीने ऐकलं. रात्री पांघरुणातून तिचा प्रश्न आला, "आई, आजी जाणार की जीरू?"

हातात साधारण अडीच महिने होते.

"लहान कुत्रं, लहान काम" असं आम्हाला बरेच जण म्हणाले होते. जनावरांच्या डॉक्टर बाईंनी पहिल्याच भेटीत तो समज काढून टाकला. मोठ्या जातीच्या पिल्लापेक्षा लहान जातीच्या पिल्लाला घराची शिस्त लागायला बहुधा जास्त दिवस लागतात, म्हणाल्या. मूत्राशय अगदी छोटं, त्यात साठणार किती? साधारण हिशेब असा की पिल्लू जितक्या महिन्यांचं, त्यात एक मिळवायचा, तितके तास ते फार तर धरू शकतं. म्हणजे दोन महिन्यांच्या जीरूसाठी तीन तास, आणि तेही झोपेत. जागेपणी खेळताना त्याच्या निम्मेसुद्धा नाहीत. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. लॅब्रॅडॉरच्या पिल्लाने घरात केली की तळं होतं आणि सगळं घर कामाला लागतं. शिह त्झूने केली तर ती चमचाभर, सोफ्याच्या पायाआड, दिसतसुद्धा नाही. मग कुत्र्याची समजूत होते की इथे चालतं.

बाहेर न्यायचं म्हटलं तर तेही बंद. लसींचा क्रम सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतो आणि साधारण सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुढचा डोस असतो. तो पूर्ण होईपर्यंत इतर कुत्री फिरतात त्या मातीत पाय ठेवू द्यायचा नाही, कारण पार्व्होचा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो आणि पिल्लांचा जीव घेतो. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. म्हणजे ऑगस्टच्या मध्यापर्यंत जे काही करायचं ते बाल्कनीत.

जीरू जिथून आणली तिथे पिल्लांना वर्तमानपत्रावर ठेवत असत. त्यामुळे तिला कागदाची सवय आधीच होती, आणि नवरा खूश होता, "ही तर शिकूनच आली आहे." चार दिवस खरोखर छान गेले. पाचव्या दिवशी आई हॉलमध्ये फरशीवर पेपर पसरून मेथी निवडायला बसली. जीरू आली, पेपर हुंगला, एक गोल चक्कर मारली आणि संपूर्ण आत्मविश्वासाने मेथीच्या जुडीशेजारी बसून मोकळी झाली. तिच्या मते तिने शंभर टक्के बरोबर केलं होतं. लेक तोंडावर हात दाबून आत पळाली. आई मेथीकडे बघत राहिली, मग पेपरची घडी घालत म्हणाली, "अक्कल आहे तिला. तुम्हालाच नाही."

आपल्या घरांत वर्तमानपत्र फरशीवर किती कामांना येतं, हे त्या दिवशी लक्षात आलं. भाजी निवडायची, नखं कापायची, चकल्या पसरायच्या, बाबांसारखी माणसं असतील तर मांडी घालून वाचायचं. अशा घरात कुत्र्याला कागदाची सवय ठेवणं म्हणजे रोजचं भांडण. त्याच दिवशी कागद बंद केले आणि बाल्कनीच्या कोपऱ्यात, पाणी जायच्या जाळीजवळ, प्लॅस्टिकचा ट्रे ठेवला. त्यात कृत्रिम गवताचा तुकडा. तिने केलेली पुसून घेतलेला टिश्यू एक दिवस गवताखाली ठेवला, म्हणजे जागा कोणती ते नाकाला कळावं. घरातली पायपुसणीही उचलली. मऊ आणि पाणी शोषणारी कुठलीही वस्तू पिल्लाला तशीच वाटते, त्यात न्हाणीघराबाहेरचं पायपुसणं तर आघाडीवर.

पुसण्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण बहुतेक घरांत इथेच गाडं अडतं. आपण फिनाईल टाकतो. आपल्या नाकाला फिनाईलचा वास येतो, कुत्र्याच्या नाकाला त्याखालचा जुना वास येतच राहतो आणि ते पुन्हा तिथेच जातं. शिवाय फिनाईलवरून चालून पंजे चाटणाऱ्या पिल्लाच्या पोटात ते जातं, ते वेगळंच. अमोनिया असलेलं क्लीनर तर नकोच, लघवीलाही तसाच वास असतो. एन्झाइमवालं क्लीनर मिळतं, ते लघवीतले वासाचे घटकच तोडतं. टाकलं की लगेच पुसायचं नाही, बाटलीवर लिहिलेला वेळ तसंच राहू द्यायचं. काही जण व्हिनेगर आणि पाणी सुचवतात. सिरॅमिक टाइल्सवर ठीक आहे. पण आमच्या हॉलमध्ये मार्बल आणि बाल्कनीत कोटा, आणि आम्लाने या दोन्ही दगडांची चकाकी जाते, डाग पडतात. घरमालकाची फरशी असेल तर हे नक्की लक्षात ठेवा.

खालच्या मजल्यावरच्या काकांनी सल्ला दिला, "भिया, नाक घासा त्यात, दोन दिवसांत सरळ होईल." नवरा नम्रपणे हो म्हणाला आणि आम्ही काही ते केलं नाही. पिल्लाला झालेल्या गोष्टीचा आणि नंतर मिळालेल्या शिक्षेचा संबंध लागत नाही. त्याला एवढंच कळतं की माणसांसमोर शू करणं धोक्याचं आहे. मग ते पलंगाखाली जाऊन करतं, आणि बाहेर नेल्यावर तुम्ही पट्टा धरून उभे असताना मुळीच करत नाही. करताना दिसलं तर आवाज न चढवता उचलायचं आणि ट्रेवर न्यायचं. तिथे झालं की त्याच क्षणी, तिथेच, शाबासकी आणि खाऊ. आत येऊन डबा उघडेपर्यंत तिला कशाबद्दल मिळालं तेच समजत नाही. आम्ही हरभऱ्याच्या डाळीएवढा पनीरचा तुकडा द्यायचो. आई पनीरच्या भावावरून कुरकुर करायची आणि एकदा स्वतः प्रसादातले बेदाणे द्यायला निघाली. ते मात्र थांबवावं लागलं. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्यांच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात.

रात्रीचे गजर माझ्या मोबाइलवर होते, अकरा, दोन आणि पाच. दुसऱ्या आठवड्यात एकदा दोनला उठले तर बाल्कनीतला दिवा आधीच लागलेला. आई शाल गुंडाळून उभी होती, आणि जीरू गवतावर.

"अगं, तू कशाला उठलीस?"

"मला जागच होती. दोनला मला जाग येतेच."

मग मला आठवलं, दोन वाजता बाबांची कूस बदलायची असे.

मी दोनचा गजर काढून टाकला. त्यावर आमचं काही बोलणं झालं नाही. तीन-चार दिवसांनी फ्रिजवर एक लांबट वही दिसली. उघडली तर पहिल्या पानांवर बाबा. वेळ, पाणी किती, लघवी किती मिली, कोणती गोळी, ताप. शेवटचं पान अर्धं. वही उलटी करून मागच्या बाजूने आईने नव्याने रकाने आखले होते: वेळ, पाणी, खाणं, शू, शी, कुठे.

आठ दिवस ती काहीच बोलली नाही, फक्त लिहीत गेली. नवव्या दिवशी रात्री जेवणानंतर तिने आम्हाला वाचून दाखवलं. सकाळी खाल्ल्यावर बारा ते पंधरा मिनिटांत जावं लागतं. झोपेतून उठल्या उठल्या, एक मिनिटही न थांबता. दुपारी काही त्रास नाही. घरात झालेल्या बहुतेक साऱ्या संध्याकाळी सात ते आठमधल्या, सोफ्याच्या मागे. "सात ते आठ कोण खेळतं तिच्याशी?" आईने विचारलं. लेकीने हळूच हात वर केला. खेळ बंद करायची गरज नव्हती. दर पंधरा मिनिटांनी खेळ थांबवून एक चक्कर बाल्कनीत, एवढंच ठरलं. लेकीने त्यासाठी स्वयंपाकघरातलं टायमर पळवलं.

वहीतले आकडे असे: पहिल्या पूर्ण आठवड्यात घरात 31 वेळा, तिसऱ्यात 12, पाचव्यात 4.

कुणीतरी सुचवलं की पाणी कमी द्या, आपोआप कमी होईल. आईने ते तिथेच तोडलं. "तहानलेलं ठेवून कोरडं घर नको मला." डॉक्टरांनीही तेच सांगितलं. झोपायच्या तासभर आधी भांडं उचललं तर हरकत नाही, दिवसा पाणी कायम समोर हवं.

ऑगस्टच्या मध्याला लसी पूर्ण झाल्या आणि आम्ही मोठ्या उत्साहाने तिला खाली नेलं. माळव्याचा पाऊस. शिह त्झूचं पोट जमिनीपासून वीतभर वर, केस लांब. ओलं गवत पोटाला लागलं की जीरू दगडासारखी उभी राहायची आणि माझ्याकडे अशी बघायची की जणू मीच पाऊस पाडला. वीस मिनिटं छत्री धरून उभं राहायचं, काही व्हायचं नाही, वर आलं की ती थेट बाल्कनीकडे धावायची. ट्रेमधल्या गवताचा तुकडा कापून पार्किंगच्या छताखाली न्यायची युक्ती आईची. ओळखीचा वास, कोरडी जागा. तिसऱ्या दिवशी जमलं. मग तो तुकडा रोज थोडा थोडा बाहेर सरकवत कडुनिंबाच्या झाडापर्यंत नेला.

मध्येच लिफ्टमध्ये चिठ्ठी लागली, कुत्र्यांना लिफ्ट नाही. भारतीय पशु कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही आणि लिफ्टही नाकारता येत नाही. नवऱ्याने त्या सूचना छापून दिल्या. कागदाचा किती उपयोग झाला माहीत नाही. जास्त उपयोग झाला तो आईचा. सगळे कट्ट्यावर बसलेले असताना पांढऱ्या केसांची ही बाई हातात पिशवी घालून जीरूची शी उचलायची, गाठ मारायची आणि सगळ्यांना नमस्कार करून वर यायची. 2017 पासून स्वच्छतेत देशात पहिलं येणारं हे शहर. इथे कचरा रस्त्यावर टाकणाऱ्याकडे लोक वळून बघतात. त्यांना उत्तर द्यायची ही पद्धत मला कागदापेक्षा आवडली. चिठ्ठी आपोआप गळून पडली.

गणपतीला दहा दिवस उरले असताना सगळं उलटं फिरलं. दोन आठवडे कोरडं असलेलं घर पुन्हा ओलं. सोफ्यामागे, स्वयंपाकघरात, लेकीच्या दप्तरावर. आईच्या वहीत एका दिवसात 19 नोंदी. नवरा म्हणाला, "महूला फोन करू का?" लेक जेवली नाही.

आईने चष्मा लावला आणि मागचे तीन दिवस बोटाने वाचत गेली. मग म्हणाली, "ही खोडी नाही. दर वेळी थेंबभर होतंय. बसते, उठते, पुन्हा बसते. हिला जळजळ होतेय. तुझ्या बाबांना नळी काढल्यावर असंच झालं होतं." दुसऱ्या दिवशी सकाळी ती आमच्याबरोबर दवाखान्यात आली, वही पिशवीत घेऊन. लघवीची तपासणी झाली, जंतुसंसर्ग निघाला. मादी पिल्लांत मूत्रमार्ग आखूड असल्याने हे जास्त दिसतं, डॉक्टर म्हणाल्या. औषधाचा कोर्स दिला, मागचे केस नियमित बारीक कापायला सांगितले, आणि घराची शिस्त लागलेल्या कुत्र्याने अचानक घरात सुरुवात केली तर रागावण्याआधी तपासून घ्या, हेही. बोलता बोलता त्या वहीची पानं उलटत होत्या. उलटत उलटत दुसऱ्या बाजूला पोचल्या, बाबांच्या पानांवर. थोडा वेळ वाचलं, वही मिटून दोन्ही हातांनी आईला परत दिली. आई काही बोलली नाही. बाहेर आल्यावर मात्र रिक्षात बसताना तिने जीरूला स्वतःच्या मांडीवर घेतलं. असं पहिल्यांदाच.

चार दिवसांत नोंदी 19 वरून 7 वर आल्या.

आमचा गणपती दीड दिवसाचा. स्थापनेच्या दिवशी आरतीला तीसेक माणसं. झांजांचा आवाज सहन होणार नाही म्हणून जीरूला आतल्या खोलीत पंखा लावून ठेवलं होतं. आरत्या झाल्या, मंत्रपुष्पांजली सुरू झाली. सगळ्यांचे डोळे मिटलेले, हातात फुलं. तेवढ्यात आतून दार खरवडल्याचा आवाज आला. मी हलायच्या आत आईने हातातली फुलं शेजारच्या मामीच्या ओंजळीत ठेवली, रेशमी साडीचा पदर खोचला आणि आत गेली. बाल्कनीचं दार उघडल्याचा आवाज, मग शांतता, मग अगदी हळू आवाजात, "शाब्बास." हात धुऊन ती परत आली आणि मामीकडून फुलं मागून घेतली. मामीचा चेहरा बघण्यासारखा होता.

दुसऱ्या दिवशी विसर्जनाला खाली ढोल वाजला आणि जीरूने घाबरून मामांच्या नव्या धोतरावर केली. सगळे आईकडे बघू लागले. "ते भीतीने झालंय," आई म्हणाली. "ते मोजायचं नाही." वहीत ती नोंद खरंच नाही.

ग्वाल्हेरबद्दल त्यानंतर ती काही बोलली नाही आणि मीही विचारलं नाही. दिवाळीत ती आठ दिवस घर झाडून घ्यायला गेली. तिकीट काढताना नवऱ्याने विचारलं, "परतीचं कधीचं काढू?" तिने तारीख सांगितली. तिथून रोज संध्याकाळी फोन यायचा आणि पहिला प्रश्न असायचा, "लिहिलंत का?" आता तिथला वरचा मजला भाड्याने दिला आहे.

जीरू सव्वा वर्षाची झाली. पावसात अजूनही ट्रेच लागतो, आणि लागत राहील असं दिसतं. नवरा दौऱ्यावरून आला की आनंदाने दोन थेंब होतात, म्हणून त्याला पहिली पाच मिनिटं तिच्याकडे न बघता घरात वावरावं लागतं, आणि ते त्याला फार जड जातं. रात्री दहा ते साडेपाच ती सलग झोपते. आईला दोन वाजता जाग येतेच. ती उठते, पाणी पिते, जीरूच्या टोपलीत एकदा हात घालून बघते आणि परत आडवी होते. अलीकडे लगेच झोप लागते म्हणाली.